साहेबांची छत्री गुरुवारपर्यंत उभी ठेवण्याबाबत

प्रति,
माननीय उद्यान अधीक्षक साहेब,
उद्यान विभाग, नगरपालिका,
मुख्य बागेतील कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : याच बागेतील हंगामी माळ्याची पत्नी. धंदा शिवणकाम. राहणार मागच्या फाटकाजवळच्या माळ्यांच्या खोल्या.

विषय : खताच्या खड्ड्यामागे शिल्लक राहिलेले एकमेव विषारी झाड येत्या गुरुवारपर्यंत न कापण्याबाबत.

संदर्भ : १) "असे कोणतेही झाड या विभागाच्या कोणत्याही बागेत नाही" असे आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) तेच झाड बुधवारी सकाळी कापून जाळून टाकण्याचा आपला तोंडी हुकूम.

महोदय,

१) अर्जदाराने याच विषयावर गेल्या शुक्रवारी एक अर्ज दिला होता. आवक कारकुनांनी त्यावर उत्तराचे पत्र हातात ठेवले आणि अर्ज परत केला. त्यात 'मी' फार झाले आहे, अर्जात माणूस स्वतःला 'अर्जदार' म्हणतो आणि रडत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. त्याप्रमाणे हा अर्ज नव्याने लिहिला आहे. रडणे काढून टाकले आहे. राग काढायला त्यांनी सांगितले नव्हते, म्हणून तो राहिला आहे.

२) सदर झाड माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढे वाढते. दांडा पोकळ, मनगटाएवढा जाड, त्यावर जांभळे डाग आणि राठ केस. वर पांढऱ्या फुलांचा घोस, उघडलेल्या छत्रीसारखा. त्याचे खरे नाव अर्जदारास ठाऊक नाही. माळी लोक त्याला 'साहेबांची छत्री' म्हणतात, कारण त्याचे बी आपण हौसेने बाहेरून मागवले आणि कारंज्याभोवती लावून घेतले. पुष्पप्रदर्शनात त्याला पहिले बक्षीस मिळाले. त्या दिवशी आपली नात त्या फुलाखाली उभी राहिली आणि तिचा फोटो निघाला. तो आपल्या खुर्चीमागे भिंतीवर असायचा. शुक्रवारी अर्जदार आली तेव्हा तिथे नुसता खिळा होता.

पुढे हे झाड कारंज्यापासून नाल्यात उतरले, नाल्यातून मुलांच्या घसरगुंडीपर्यंत गेले. मुळाचा तुकडा राहिला तरी पुन्हा डोके वर काढते, बी पाण्यावर तरंगत कुठेही जाते. इतर फुलझाडांना त्याने जागाच ठेवली नाही. मग बाग बघायला पाहुणे येणार म्हणून आपण मुकादमांना सांगितले की नाल्याकडचे सगळे कापून टाका, ओंगळ दिसते. हे काम अर्जदाराच्या नवऱ्याकडे आणि लंबू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या माळ्याकडे आले.

३) त्याआधी मोज्यांबद्दल सांगणे भाग आहे. भांडारातून माळ्यांसाठी हातमोज्यांचे एक पोते आले होते. सगळे डाव्या हाताचे. पोते पार उलटे करून पाहिले, उजव्या हाताचा एकही निघाला नाही. मुकादम म्हणाले, मिळालेत तेच नशीब समजा, एक उजव्यात उलटा चढवा. उलटा चढवला की अंगठा भलत्या बाजूला लोंबतो आणि विळा हातातून सटकतो. अर्जदार शिवणकाम करते, म्हणून तिने एका मोज्याचा अंगठा उसवून दुसऱ्या बाजूला बसवून दिला. चांगला झाला होता. मुकादमांनी तो पहिल्याच दिवशी काढून घेतला आणि सरकारी वस्तूत फेरफार केल्याबद्दल नवऱ्याकडून माफी लिहून घेतली. तेव्हापासून नवरा डाव्या हातात मोजा घालायचा आणि उजवा हात उघडा ठेवून काम करायचा. साहेबांना वाटेल, ही बाई मोज्यांचे पुराण कशाला लावत बसली आहे. पुढे कळेल.

४) मागच्या आठवड्यात सोमवारी त्यांनी झाडे कापली. कापताना त्यातून रस उडतो. पाण्यासारखा पातळ. चिकटत नाही, झोंबत नाही, आग होत नाही, काहीही होत नाही. हीच त्याची हरामखोरी आहे. विंचू चावला तर माणूस निदान ओरडतो तरी. काम आटोपल्यावर हात धुवायला गेले तर माळ्यांच्या नळाला पाणी नव्हते. पाहुण्यांसाठी कारंजे चालू ठेवायचे म्हणून तिकडचे पाणी इकडे वळवले होते. हात विजारीला पुसून नवरा भर दुपारी घरी आला.

अर्जदाराची मुलगी सहा वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती अंगणात घमेल्यात पाणी घेऊन उघड्या अंगाने खेळत होती. बाप दिसला की दोन्ही हात वर करायचे, ही तिची रोजची रीत. त्याने डाव्या हाताने खालून उचलले, उजवा हात पाठीला लावला, एक गिरकी घेतली आणि पुन्हा घमेल्यात ठेवले. अर्जदार दारातच बटणे लावत बसली होती, तिने हे डोळ्यांनी पाहिले आहे. भिंगरी मग ऊन उतरेपर्यंत तिथेच खेळली. एवढेच घडले. याहून जास्त काहीही घडले नाही, आणि एवढ्यावरच अर्जदाराचे घर उठले.

५) बुधवारी सकाळी मुलीची पाठ लाल झाली. संध्याकाळपर्यंत त्यावर पाणी भरले आणि पाठीवर पंजा उठला. अख्खा पंजा, साहेब. पाचही बोटे. करंगळी टोकाला बाहेर वळलेली, कारण नवऱ्याची करंगळी पूर्वी गवत कापायच्या यंत्रात सापडून वाकडी झालेली आहे. पंजा त्याचाच होता. हे अर्जदाराने फौजदारांसमोर मान्य केले आणि इथेही करते.

त्याच वेळी अर्जदाराचा भाऊ भाचीला बघायला आला. त्याचे टायरचे दुकान आहे. भाचीवर त्याचा फार जीव. त्याने पाठ बघितली, करंगळी बघितली आणि बाहेर गेला. गाडीतून टायर उचकटायची लोखंडी पहार काढली. नवरा तेवढ्यात सायकल हातात धरून फाटकातून आत येत होता. पहिला घाव उजव्या खांद्याच्या हाडावर बसला. सायकलीसकट तो खाली पडला. काय झालं, असे विचारायला त्याने तोंड उघडले आणि दुसरा घाव जबड्यावर बसला. दात अंगणात उडाले. अर्जदाराने भावाच्या दंडाला मांस निघेपर्यंत चावा घेतला, तरी तो थांबेना. त्याने अर्जदाराला पोत्यासारखे बाजूला टाकले आणि पडलेल्या माणसाला मारत राहिला. लंबू आणि शेजारचे लोक धावून आले म्हणून नवरा जिवंत आहे. भिंगरी हे सगळे दारातून बघत होती. तिला उभ्या उभ्या लघवी झाली, पण ती रडली नाही.

भावाचा अर्जदाराला राग आहे. पण तो पंजा दुसऱ्या कोणाचा असता तर अर्जदारानेच त्याच्या हातात पहार दिली असती, हेही खरे आहे.

६) मारामारीची वर्दी गेली म्हणून पोलीस आले. फौजदारांनी मुलीची पाठ बघितली, मग रक्तात पडलेल्या माणसाचा उजवा हात उचलून त्या पंजाशेजारी धरला. तिथेच निकाल लागला. भावाला शाबासकी मिळाली नाही एवढेच, चहा मिळाला. नवऱ्याचा जबडा तारेने बांधला आहे, त्यामुळे तो बोलू शकत नाही. उजव्या खांद्याचे हाड मोडले आहे, त्यामुळे लिहू शकत नाही. दवाखान्यात त्याचा डावा हात खाटेला बेडीने अडकवला आहे, त्यामुळे खुणाही करू शकत नाही. पोटच्या पोरीला मारल्याचा गुन्हा आहे आणि आरोपीने स्वतःच्या बचावात काही सांगितले नाही, असे कागदावर लिहिले आहे.

भिंगरीला बालगृहात नेले. बाबांनी मारलं नाही, उचललं, असे ती भेटेल त्याला सांगते. मूल दडपणाखाली आहे, असा त्यावर शेरा आहे. अर्जदाराला तिला काचेतून बघू देतात. ती आता पालथी झोपते, असे तिथल्या बाईंनी सांगितले.

७) नवऱ्याच्या वॉर्डात कातडीच्या डॉक्टरीणबाई येतात. गुरुवारी त्यांनी त्याच्या उजव्या मनगटावरचे आणि कोपरापर्यंतचे फोड बघितले. अर्जदाराला वाटले होते की ते मारामारीतले असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, यांनी कुठलं झाड कापलं होतं. अर्जदाराने वर्णन सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. त्या म्हणाल्या की हा रस लागला की कातडीला ऊन सोसत नाही. त्या जागी ऊन लागले की कातडी भाजते, पण लगेच दिसत नाही, दीड-दोन दिवसांनी दिसते. तोवर माणूस रस विसरलेला असतो. डाग महिनोन्महिने जात नाहीत, आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीही जाऊ शकते. नवऱ्याच्या तळहाताला घट्टे आहेत, म्हणून तळहात वाचला आणि त्यावरचा रस जसाच्या तसा पोरीच्या ओल्या पाठीवर उतरला. मग दोन्ही हातांनी उचललं तर पंजा एकच कसा, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने मोज्यांची हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत.

मात्र कोर्टात शपथेवर सांगायचे तर झाड उभे असलेले स्वतः बघावे लागेल, त्याचा रस स्वतः काढून न्यावा लागेल, फोटो किंवा वाळके देठ चालणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांना सवड गुरुवारी सकाळी आहे. त्याच दुपारी कोर्टात तारीख आहे. झाड मिळाले तर नवरा सुटतो आणि पोरगी घरी येते. नाही मिळाले तर नवरा तुरुंगात जाईल, आणि बापाचा हात म्हणजे मार, हे शिकवून कोणीतरी परके माणूस भिंगरीला मोठे करील. अर्जदाराचे सगळे म्हणणे एवढेच आहे.

८) म्हणूनच शुक्रवारचा अर्ज होता. बागेत असे झाड आहे, एवढी एक ओळ आपल्या सहीने मागितली होती. उत्तर मिळाले की असे झाड नाही. आणि शनिवारी उजाडताच ते नसलेले झाड कापायला दोन माणसे आणि एक यंत्र आले. नाल्याकाठचे उरलेले सगळे कापून रॉकेल टाकून जाळले. अर्जदार धावत पोचली तेव्हा खताच्या खड्ड्यामागे एकच झाड उरले होते. तिच्या हातात विळा होता. तिथे मुकादम आणि यंत्र घेऊन लंबू उभे होते.

लंबूच्या पोटावरही या झाडाचे फोड आहेत. कापलेले दांडे पोटाशी धरून वाहिले, तिथे आडवा पट्टा उठला आहे. बायकोने पट्ट्याने हाणले का रे, असे मुकादम सगळ्यांदेखत म्हणाले आणि लंबू हसला. नोकरी हंगामी आहे म्हणून हसला. त्याची अडचण अर्जदाराला कळते, तरी त्या हसण्याबद्दल अर्जदार त्याला दोष देते.

अर्जदार झाडाला पाठ लावून उभी राहिली. मुकादमांनी केसांना धरून तिला ओढले. तिने विळ्याची मूठ त्यांच्या गुडघ्यावर मारली. पाते वापरले नाही, याची नोंद व्हावी. त्यांनी केस मुठीत आणखी आवळले आणि वाकलेल्या अवस्थेतच लंबूला ओरडून सांगितले, चालव यंत्र. लंबूने डोळे मिटून यंत्र चालवले. एक फांदी तुटली आणि तिचा रस सपकन मुकादमांच्या तोंडावर बसला. केस सुटल्याबरोबर अर्जदाराने फावडे घेतले आणि यंत्राचे पाते वाकेपर्यंत त्यावर घातले. ती सरकारी वस्तू होती. तिच्यात फेरफार झाला आहे.

यानंतर अर्जदाराने मुकादमांना हात जोडून सांगितले की तोंड साबणाने धुवा, सावलीत जा. तिने त्यांना बाही धरून नळाकडे नेण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली, आणि यंत्राच्या नुकसानीचा पंचनामा लिहिण्यासाठी ते कठड्यावर भर उन्हात जाऊन बसले. सावकाश लिहिला. सोमवारी त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले, गालांची सालटी निघाली. आता ते नवऱ्याच्या शेजारच्याच खाटेवर आहेत, मध्ये फक्त एक स्टूल आहे. अर्जदाराने तोंडावर तेजाब फेकले, असा जबाब त्यांनी दिला आहे. अर्जदारावर दुसरा गुन्हा दाखल होत आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खरे काय ते ठाऊक आहे, पण त्याच्या तोंडाला तार आहे.

साहेब, या झाडाने या बागेत चार माणसे भाजली. त्यातल्या एकालाही झाडाने भाजले, असे आपल्या दप्तरात नाही. बापाने मारले, बायकोने मारले, बाईने तेजाब टाकले. झाड तेवढे निर्दोष.

९) शनिवारपासून अर्जदाराने शिलाई मशीन उचलून त्या झाडाजवळ मांडले आहे आणि तिथेच काम करते. येणारे-जाणारे डोके फिरले म्हणतात. अर्जदाराला त्या झाडाचे एकेक पान चिरडावेसे वाटते, मूळ खणून त्यावर थुंकावेसे वाटते. पण फांदी तुटल्यापासून ते सुकू लागले होते, म्हणून ती त्याला दोन वेळा पाणी घालते. जिने लेकराची पाठ जाळली त्या अवदसेला पाणी घालताना काय वाटते, ते या अर्जात लिहिता येणार नाही. कारकुनांनी रडायला मनाई केली आहे. नवऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला दुसरे कोणी उरले नाही, म्हणून घालते.

रविवारी लंबू तिथे आला. त्याने सदरा वर करून पोट दाखवले आणि खाली बसला. आज अर्जदार इकडे आली आहे, तर झाडापाशी तो बसला आहे. नोकरीचे काय, असे विचारले तर नुसता हात झटकतो.

१०) आता आज सकाळची गोष्ट. फौजदार म्हणतात, असले झाड कोणी पाहिले नाही. आपण म्हणता, असले झाड नाही. डॉक्टरीणबाई यायच्या आधी कोणी काही करू नये, म्हणून अर्जदाराने स्वतःची सोय केली आहे. तिने एक देठ मोडून रस उजव्या तळहाताला चोळला, डोळा वाचेल अशा बेताने तो हात स्वतःच्या गालावर दाबून धरला, आणि आपल्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर तोंड उन्हाकडे करून ती बसली आहे. हा अर्ज तिथेच लिहिला. आपण खिडकीचा पडदा सरकवला तर दिसेल. आत्ता गालावर काहीच नाही. गुरुवारी दुपारी कोर्टात तिथे पंजा असेल, पाचही बोटांचा, अर्जदाराचा स्वतःचा. मग फौजदारांनी सर्वांसमक्ष विचारावे की बाई, तुला कोणी मारले.

असे करू नका, कायमचा डाग राहील, असे शिपाई सांगून गेले. पोरीच्या पाठीवर आहे, आईच्या गालावर असायला काय हरकत आहे.

११) तरी विनंती की :

(अ) सदर झाड गुरुवार दुपारपर्यंत उभे राहू द्यावे. जे झाड नाही, ते दोन दिवस आणखी नसले तरी विभागाचे काही बिघडत नाही.

(ब) त्यानंतर ते अवश्य काढावे, मुळासकट. पहिला घाव अर्जदाराला घालू द्यावा.

(क) माळ्यांना उजव्या हाताचे मोजे द्यावेत आणि नळाला पाणी सोडावे.

(ड) भिंतीवरचा फोटो परत लावावा. त्यात झाड स्वच्छ दिसते. फोटोत नात आहे म्हणून तो उतरवणे आपल्यालाही जड गेले असेल, असे अर्जदार समजते.

बुधवारी सकाळी तरीही माणसे पाठवणार असाल, तर विळ्याला धार लावून ठेवली आहे आणि या वेळी मूठ वापरली जाणार नाही. ही धमकी समजू नये, माहिती समजावी.

उत्तराची वाट खाली पायऱ्यांवर, उन्हात, पाहात आहे.

आपली, आज मंगळवारपर्यंत तरी नम्र,

(सही डाव्या हाताने केली आहे, उजवा हात वर सांगितल्याप्रमाणे)
अर्जदार, माळ्याची पत्नी
दिनांक : मंगळवार, दुपार

सोबत :
१) डाव्या हाताचा मोजा, अंगठा उजवीकडे बसवलेला. मुकादमांच्या टेबलाच्या खणातून आणला आहे.
२) अर्जदाराचा गाल. गुरुवारी समक्ष सादर करण्यात येईल.
३) सदर झाडाचे एक पान, वर्तमानपत्राच्या घडीत. घडी उघड्या हाताने सोडू नये. सोडली असल्यास हात ताबडतोब साबणाने धुवावेत, दोन दिवस उन्हात जाऊ नये. आम्हांला हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून आपणांस सांगत आहे. हात धुतल्याशिवाय घरी जाऊन नातीला उचलू नये.